कटऑफभाऊ

लग्नसराईत सावनेरच्या रस्त्यानं धुमाल पार्टीची गाडी निघाली की कीबोर्डमागं एक माणूस हमखास दिसतो. हात पट्ट्यांवर कमी, बटनांवर जास्त. पार्टीतली पोरं त्याला कटऑफभाऊ म्हणतात. ढोलवाले तयार, बेंजोवाला तयार, घोडीवर नवरदेव घामाघूम. आणि हा एकच सूर दाबून नॉब फिरवतोय.

"चालू करा ना भाऊ!" वरमाय कावते.

"थांबा ना काकू, सूर करकरीत येऊन राह्यला."

सूर बनवायचा नसतो, कापायचा असतो, ही त्याची श्रद्धा. करवती लाट घेतली की 440 सोबत 880, 1320, 1760 असे सगळे सूर फुकट येतात. लो-पास फिल्टर एका मर्यादेच्या, म्हणजे कटऑफच्या, वरचे कापतो, खालचे सोडतो. हे तो वरमायला समजावतोसुद्धा. "वरात दोन गल्ल्या पलीकडं असली का काय आयकू येते? नुसता ढम्म. नाक्यावर वळली का मंग झांज, बेंजो. मधातल्या भिंती म्हणजे लो-पास, काकू!" उदाहरण चोख आहे. वेळ चुकीची आहे.

मग सिंथेसायझरवाले मूगसाहेब निघतात, त्यांच्या फिल्टरचं 1969 चं पेटंट निघतं. शेवटी वादक चरणजित सिंग. 1982 मध्ये त्यांनी मुंबईत एका तबकडीसाठी रागांना डिस्कोचा ठेका दिला, त्यावर टीबी-303 या बेस सिंथेसायझरच्या फिल्टरची उघडझाप केली. तेव्हा त्या तबकडीला फारसं कोणी विचारलं नाही; पंचवीस-तीस वर्षांनी परदेशातले डीजे तिच्यासाठी वेडे झाले. आपणही त्याच रांगेत आहोत, असं भाऊचं मत. नाटककार राम गणेश गडकरी 1919 साली याच सावनेरात वारले, पण 'भावबंधन' नाटक पुरं करून. भाऊची नवरदेवाच्या एंट्रीची धून अजून व्हायची आहे.

पण खोटं कशाला बोला, बसस्टँडसमोर तो कटऑफ पार खाली आणतो, तेव्हा पानठेल्यावरचे लोकही वळून बघतात. सूर दबलेला, गुदमरलेला. मग तो नॉब हळूहळू वर नेतो, एकेक धार उघडत जाते, आणि ज्यानं जन्मात कंबर हलवली नाही तो नवरीचा मामाही नाचू लागतो. इथं थांबावं की नाही? भाऊ रेझोनन्स वाढवतो. कटऑफजवळचा सूर फुगतो, फुगतो, शिटी मारतो. घोडी बिचकते, नवरदेव मंडपाऐवजी छिंदवाडा रोडला लागतो.

रात्री हिशेब होतो. वरबाप ठरल्या रकमेतून वरचे दोन हजार कापून बाकीच्या नोटा पुढं करतो. पार्टीवाला भांडायला उठतो. भाऊ नोटा मोजून म्हणतो,

"लो-पास ठीक हाय काका, पण कटऑफ लयच खाली ठेवला ना तुम्ही!"