वैशाखातच रुजू झालेल्या पर्जन्यराजांस

राजमान्य राजेश्री पर्जन्यराज,
कायमचा ठिकाणा नैर्ऋत्य समुद्र, तूर्त मुक्काम आमची गच्ची, पुणे, यांचे सेवेसी :

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या दरबारी अर्ज गुदरावयाचा, तर तो आपण रजेवर असताना सवडीने लिहून ठेवावा आणि मृगाच्या मुहूर्तावर रुजू करावा, असा या शहरातील गृहस्थांचा पिढीजात परिपाठ आहे. यंदा, म्हणजे २०२५ साली, आपण तो मोडलात. सबब हा अर्ज आपल्या समक्ष, खिडकीचे एक दार लावून घेऊन आणि दमट कागदावर लिहावा लागत आहे. अक्षर फुटल्यास त्याचा दोष अर्जदाराकडे लावू नये.

आपल्या आगमनाच्या तारखांविषयी तंटा नाही. केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून, हे आपले वेळापत्रक सरकारदप्तरी नमूद आहे. असे असता आपण २४ मे रोजी केरळात उतरलात, दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत मजल मारलीत आणि २६ मे रोजी मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे एकदमच ताब्यात घेतलीत. मुंबईस इतक्या लवकर येण्याचा आपला पूर्वीचा दाखला २९ मेचा होता, आणि तो १९५६, १९६२ व १९७१ अशा तीन साली घडला होता. तोही आपण शिल्लक ठेवला नाही. वेधशाळेविरुद्ध माझी कैफियत नाही. केरळासाठी तिने २७ मे ही तारीख, चार दिवस इकडेतिकडे धरून, आगाऊ जाहीर केली होती आणि आपण त्या सवलतीच्या आतच आलात. १९२८ साली सिमल्याहून येथे आलेल्या ज्या कचेरीच्या दगडी इमारतीस पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तेथील विद्वानांनी एवढे बजावूनही ज्यांची कामे राहून गेली, अशा गृहस्थांच्या वतीने मी हा अर्ज करीत आहे; आणि आमचा हा वर्ग संख्येने दुर्लक्षणीय नाही.

मे महिन्यात पाऊस मुळीच पडू नये, असा आमचा हट्ट नाही. वळवाचे आणि आमचे सामंजस्य जुने आहे. दुपार कलू लागली की तो ढग गोळा करतो, धुळीचे लोट उठवतो, विजा पाडतो, मर्जी असल्यास चार गारा टाकतो आणि घटकाभराने निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवर अनवाणी उभे राहणे पुन्हा अशक्य होते. परगावच्या व्याह्याप्रमाणे त्याचा थाट मोठा आणि मुक्काम थोडा. यंदा मात्र तिसऱ्या आठवड्यात वळीव म्हणून जो आत शिरला तो परतलाच नाही. अरबी समुद्रावरील कमी दाबाच्या क्षेत्राने २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडला, आणि वळीव कोठे संपला व आपला अंमल कोठून सुरू झाला, याचा पंचनामा करणे घरगुती पंचांस शक्य राहिले नाही. मध्यंतरी सूर्य नाहीसा झाला. आणि गृहस्थाच्या दृष्टीने वैशाख महिन्याचे सगळे भांडवल म्हणजे सूर्यच होय.

त्या भांडवलावर आम्ही काय काय योजिले होते, ते आपल्या माहितीस्तव सादर करतो. आमच्या घरी पाडव्याच्या सुमारास उन्हाळी कामांची एक याद तयार होते. तीत गच्चीच्या भेगा बुजवून तीवर पाणी न झिरपणारा थर देणे, दिवाणखान्यास रंग काढणे, माळा आवरणे, पुस्तकांस ऊन दाखवणे, छत्र्यांच्या काड्या बसवून आणणे ही कलमे गृहस्थाच्या नावे असतात. आणि वर्षाचे गहू वाळवून, त्यांस एरंडेलाचा हात लावून कोठीत भरणे, सांडगे, पापड आणि कुरडया करणे ही कलमे स्वयंपाकघराच्या नावे असतात. स्वयंपाकघराकडील कलमे दरसाल पार पडतात आणि गृहस्थाकडील कलमे दरसाल पुढील सालच्या यादीत सन्मानाने दाखल होतात. आमचे कुटुंब यास दिरंगाई म्हणते. मी परंपरा म्हणतो.

या परंपरेचा आधारस्तंभ आजवर ऊन हा होता. एवढ्या उन्हात गच्चीवर कारागीर चढवणे हा मनुष्यवधाचा प्रयत्न होय, असा युक्तिवाद मी दरसाल, पंख्याखाली बसून, नवनवीन दृष्टान्तांसह करीत आलो आहे, आणि घरच्या न्यायासनाने तो थोड्याफार नाराजीने का होईना, पण ग्राह्य धरला आहे. आपण आलात आणि हा युक्तिवाद रद्दबातल झाला. त्याच्या जागी आपण जी सबब दिलीत ती इतकी निर्विवाद आहे, की ती मांडण्यात कसलेच कौशल्य उरत नाही. बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना ‘पावसामुळे काम झाले नाही’ असे म्हणण्यास वकील कशाला हवा? ज्या गृहस्थाने निरनिराळ्या सबबींच्या शोधात आयुष्याची उमेद खर्च केली, त्याची विद्या आपण एका आठवड्यात निरुपयोगी केलीत, ही माझी मुख्य तक्रार आहे. इतर नुकसानी त्या मानाने किरकोळ आहेत. तथापि अर्ज परिपूर्ण असावा म्हणून त्याही नमूद करतो.

पहिली बाब कुरडयांची. गहू तीन दिवस भिजत घालावे, रोज पाणी बदलावे, मग ते वाटून, पिळून, गाळून, रात्रभर निवळत ठेवून वरची निवळ ओतून द्यावी आणि खाली बसलेले सत्त्व उकळत्या पाण्यात सोडून हात न थांबवता घोटावे, एवढा हा व्याप. घोटता घोटता पांढऱ्या पिठाची पांढरी छटा जाऊन त्यावर चकाकी येते, कालथा जड होतो, आणि चीक शिजला असा निर्वाळा वडीलधाऱ्यांकडून मिळतो. तो मिळाला, सोऱ्यास तेलाचा हात फिरवून झाला, गच्चीवर अंथरलेल्या प्लास्टिकवर चारी कोपऱ्यांना विटा ठेवून झाल्या, आणि त्या क्षणी आपण पहिला थेंब टाकलात. कुरडईस दोन दिवसांचे कडकडीत ऊन लागते, आणि चीक कोणासाठी थांबत नाही. तेव्हा सर्व मंडळी पातेल्याभोवती बसली. कोणी त्यावर दूधसाखर घेतली, कोणी कच्चे तेल आणि तिखट घेतले, आणि ज्यांचा निश्चय होईना त्यांनी दोन्ही प्रकारांनी घेऊन पाहिला. वर्षभराच्या तळणाची बेगमी अशा रीतीने एका सकाळी बुडाली. ती बुडत असता प्रत्येकाने दुसऱ्यांदा वाढून घेतले हे खरे; पण ती रक्कम आपण नुकसानभरपाईतून वजा धरू नये, अशी विनंती आहे.

दुसरी बाब गळतीची. गच्चीस थर न दिल्यामुळे दिवाणखान्याच्या छतातून, यंदा रंग द्यावयाचा होता नेमक्या त्याच कोपऱ्यात, पाणी ठिबकू लागले. खाली ठेवण्यास घंगाळ हवे, घंगाळ माळ्यावर, माळ्यावर जावयास शिडी. या कार्यकारणाच्या साखळीने माळा आवरण्याचे फार जुने कलम कोणाचाही तसा संकल्प नसता अमलात आले. घंगाळापाठोपाठ फिरकीचा तांब्या, झाकण हरवलेला पानाचा डबा, सुतळीने बांधलेले दिवाळी अंक आणि राणी नसलेला कॅरम इतका ऐवज खाली उतरला. दिवाळी अंक पुसून ठेवण्यासाठी मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसलो आणि त्यांतील एक कथा, तिची शेवटची पाने वाळवीने खाल्ली आहेत हे कळेपर्यंत, वाचीत राहिलो. अर्ध्यावर राहिलेल्या कथेचा शेवट मग रात्री जेवताना सर्वांनी मिळून ठरवला, आणि मूळ लेखकाने तो इतका चांगला केला असेल असे कोणासही वाटले नाही. माळा रिकामा झाला आहे. त्यावरील सामान सध्या दिवाणखान्यात आहे. हे काम झाले की व्हावयाचे आहे, याबद्दल घरात दोन पक्ष आहेत.

तिसरी बाब विजेची. ती आपल्या आगमनाबरोबर गेली आणि परत येण्याची वेळ तिने कळवली नाही. त्यामुळे चार खोल्यांत चार पडद्यांपुढे बसलेली मंडळी एका कंदिलाखाली गोळा झाली आणि माळ्यावरच्या त्याच सामानातून निघालेल्या पत्त्यांवर बदाम सात सुरू झाले. आमच्या मातोश्री, ज्यांना एरवी नातवंडांचे हाल पाहवत नाहीत, त्या या खेळात किलवरची सत्ती शेवटपर्यंत पदराखाली धरून बसतात, आणि ‘माझ्याकडे काही नाही गं बाई’ असे इतक्या निरागसपणे म्हणतात, की अख्ख्या किलवराचा कारभार ठप्प होऊनही त्यांच्यावर संशय घेण्याची कोणाची छाती होत नाही. त्या जिंकल्या. वीज आल्यावर कोणी उठले नाही, ही बाब वीजपुरवठ्याच्या इतिहासात अपूर्व असावी.

याखेरीज, दारांवर आणि खुर्च्यांवर वाळत घातलेले कपडे, त्यांचा कुबट वास, मे महिन्यात पेटीतून बाहेर काढावी लागलेली गोधडी, तिच्यामुळे सकाळी उठण्यास झालेला विलंब, आणि दुपारी मुगाच्या खिचडीवर भाजलेला पापड मिळाल्यामुळे झोपेचा वाढलेला काळ, या बाबी केवळ नोंदीसाठी लिहितो. भज्यांचा उल्लेख करीत नाही; आपल्या स्तुतिपाठकांनी तो विषय पूर्वीच संपवला आहे.

एक गोष्ट मात्र या अर्जाच्या थट्टेत मोडत नाही. ज्यांचा उन्हाळी कांदा शेतातून निघावयाचा होता किंवा निघून उघड्यावर पडला होता, त्यांच्यावर आपल्यामुळे याच आठवड्यात जे ओढवले, त्याचा हिशेब निराळा आणि गंभीर आहे. आमचा चीक पोटात गेला. त्यांचा कांदा सडून गेला. त्यांच्या अर्जाची सुनावणी आमच्या अर्जाच्या आधी व्हावी.

त्यानंतर सवड राहिल्यास आमच्या मागण्या येणेप्रमाणे विचारात घ्याव्यात. एक, यापुढे आपण मृगावर यावे. पंचांगकर्त्यांनी मृगापासून प्रत्येक पर्जन्यनक्षत्रास हत्ती, बेडूक, म्हैस, मोर, गाढव असे एकेक वाहन नेमून आपली सोय केली आहे; यंदा आपण त्याआधीच निघाल्यामुळे पायी आलात असे धरावे लागते, आणि ते आपल्या इतमामास शोभत नाही. दोन, लवकर येणे अपरिहार्यच असेल, तर येताना सही-शिक्क्याचा दाखला आणावा, म्हणजे गच्चीचे कलम पुढील सालच्या यादीत विनातक्रार दाखल करता येईल. तीन, गहू अद्याप पोत्यात आहेत. येत्या गुरुवारी सकाळी अकरा ते चार या वेळात ऊन सोडण्याची तजवीज व्हावी.

कळावे, लोभ आहेच. तो एवढा मोठा नसावा.

आपला,
एक गृहस्थ, यादीतील कलमे १ ते ५ यांचा पदसिद्ध प्रलंबक

ता. क. : सदर अर्ज रवाना करण्यापूर्वी घरात वाचून दाखवला असता कुटुंबाकडून पुढील शेरा मारण्यात आला, तो जसाच्या तसा जोडला आहे. ‘गच्चीवाल्या कारागिराशी बोलणे झाले आहे. तुळशीचे लग्न आटोपले की तो येणार, आणि आगाऊ रक्कम त्याला पोहोचली आहे. त्या वेळी ऊन नसेल, पाऊस नसेल, आणि थंडीचे कारण ऐकून घेतले जाणार नाही. एक प्रत पर्जन्यराजांस माहितीसाठी, दुसरी अर्जदारास अंमलबजावणीसाठी.’