गडग्यावरचा श्रीगणेशा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा चौथा फोन आला तेव्हा माझी खात्री पटली, पुण्यात बसून लेख होणे नाही. गावी जायचं. दापोलीपासून आत, खाडीच्या अलीकडे आमचं घर आहे. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणजे संपादकांनाही नाही. नवाकोरा लॅपटॉप खोकं न उघडताच पिशवीत टाकला. पडवीत बसून, बाहेर पाऊस कोसळत असताना सावकाश फोडू, असा बेत होता.

फोडला. देश विचारला, सांगितला. कीबोर्ड कुठला विचारला, तोही सांगितला. मग तो म्हणाला, आता इंटरनेट जोडा. मी ‘नंतर बघू’ असं बटण शोधलं. नव्हतं. ‘पुढे’ होतं, पण राखाडी. दाबलं तरी ढिम्म. कचेरीत साहेबांची खुर्ची असते आणि साहेब नसतात, तसं.

काका शेजारी सुपारी सोलत होते. “काय रे, अडलं कुठे?”

“नेट मागतोय, काका.”

“तू लेखच लिहिणार ना? मग त्याला नेट कशाला? वहीचं पहिलं पान उघडायला पोस्टमास्तरची परवानगी लागते होय?”

उत्तर नव्हतं, म्हणून मी उठलो. वाडीत रेंज एकाच जागी येते : गोठ्यामागे, फणसाखाली, चिऱ्याच्या गडग्यावर. तिथेही तोंड हर्णैच्या दिशेला हवं. मुंबईच्या लेकींशी बोलायला बायका तिथे उभ्या असतात. त्या दिवशी नंबर माझा होता. गडग्यावर पाट, पाटावर लॅपटॉप, त्यावर मी धरलेली छत्री, आणि काका माझा मोबाइल उंच धरून उभे. लांबून कुणाला वाटलं असतं, लॅपटॉपची मुंज लागतेय.

हॉटस्पॉट लागला. मग खातं उघडा. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. ओटीपी आला तेव्हा काकांचा हात दुखून खाली आला आणि रेंज गेली. रेंज आली तोवर ओटीपी शिळा झाला. दुसरा मागवला. त्यानंतर पडद्यावर एक गोल फिरू लागला : थोडा वेळ लागेल, लॅपटॉप बंद करू नका. हे पावसाला कोण सांगणार? पाऊण तास मी फणसाखाली उभा होतो. गोठ्यातली म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करत होती. तिला कसलंच अपडेट नव्हतं.

शेवटी आत शिरलो, तर घर आधीच भरलेलं. पोटभाडेकरू! मी न बोलावलेले तीन खेळ, सिनेमे दाखवणारं एक अॅप, हवामान सांगणारं एक (भिजून आलेल्या माणसाला!), आणि दारात अँटिव्हायरस. हा गुरखा तीस दिवस फुकट शिट्टी वाजवणार. एकतिसाव्या दिवसापासून ‘चोर येतील हं’ म्हणून स्वतःच कडी वाजवणार. एकाला काढायला गेलो तर त्याने विचारलं, का काढताय, कारण निवडा. पोटभाडेकरूने मालकाकडून लेखी कारण मागायचं!

हे आत कसे येतात ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. लॅपटॉप विकून कंपनीला सुटतं थोडं. म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांकडून पैसे घेऊन ती त्यांची बिऱ्हाडं आधीच वसवते. मला यंत्र जरा स्वस्त पडतं ते त्यांच्या जिवावर, हेही कबूल. पण जागा माझी, वीजबिल माझं, आणि भाडं कंपनी खाणार, हा हिशेब काकांना समजावणं माझ्याच्याने झालं नाही.

यंत्रात काही नको, सगळं तारेपलीकडे ठेवू, ही कल्पना तशी जुनी. ओरॅकलचे लॅरी एलिसन १९९५ सालीच स्वस्त ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा पुरस्कार करत होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सामान्य लोकांना इंटरनेट खुलं केलं. मोडेम किंचाळायचा आणि घरातला फोन अडकून बसायचा. तेव्हाची ती यंत्रं काही रुजली नाहीत. मग २००९ मध्ये गूगलने क्रोम ओएस जाहीर केली आणि २०११ मध्ये क्रोमबुक बाजारात आली : ब्राउझर हेच घर. शहरात ठीक आहे, आणि एकदा खातं जोडलं की नेटविना थोडंफार लिहिताही येतं. माझी शंका वेगळीच आहे. हे सगळं योजणाऱ्यांपैकी कुणी आषाढात आमच्या वाडीत राहिलेला नाही.

काकांकडेही कॉम्प्युटर आहे. २००४ साली चिपळूणहून जोडून आणलेला, एक्सपीवाला, क्रोशाच्या विणलेल्या झाकणाखाली ठेवलेला. त्याला आजवर नेटची तार लागलेली नाही. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली. बातमी नेटवरून आल्यामुळे त्या यंत्राला ती कळलीच नाही. आतला सेल मेलाय, म्हणून चालू केला की रोज १ जानेवारी २००२. काका त्यावर बागेचा हिशेब लिहितात, तारीख हाताने घालतात, आणि उरलेला वेळ पत्ते खेळतात.

तो पत्त्यांचा डाव १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला. वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या पोराने लिहिला, पत्ते काढले सुझन केअर यांनी. लोकांचा हात माऊसने वस्तू ओढायला वळावा, हाही त्यामागचा एक हेतू सांगतात. काकांचा वळला. म्हणजे पोटभाडेकरू तोही होता म्हणायचा, पण कोपऱ्यात बसून शिकवणी घेणारा.

संध्याकाळी काकांनी विचारलं, “तुझ्या यंत्रात डाव आहे का रे?”

तीन खेळांतला एक पत्त्यांचाच निघाला. मी अभिमानाने उघडला. पडद्यावर आलं : जाहिरात येत आहे. मग : इंटरनेट जोडा.

काकांनी चष्मा कपाळावर घेतला. “गणपतीत आमच्याकडे रात्र रात्र डाव चालतात. पैसे लावूनसुद्धा. पण पत्ते पिसणाऱ्याने आधी साबण विकायला काढला, असं कधी झालं नाही बुवा.”

ते उठून आत गेले. थोड्या वेळाने मी डोकावलो. आत १ जानेवारी २००२ उजाडली होती, आणि बदाम पंजीवर किलवर चव्वी बसत होती. मी कपाटातून पाठकोरे कागद काढले.