पायाखाली लाकडाचा फोटो

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली फरशी गार असते, गुळगुळीत असते आणि बादलीभर पाण्याने पुसता येते. हाच तिचा गुन्हा. मग घर नव्याने सजवायला निघालेलं जोडपं शोरूममध्ये जातं आणि ओकच्या फळीवर टकटक करत राहतं, जणू मंडईत नारळ निवडतंय.

विक्रेता जांका आकडा काढतो. ११.२८ मिलिमीटरची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, त्याचं हे माप. पांढऱ्या ओकसाठी सुमारे १३६० पौंड. कुकरचं झाकण हातातून सुटलं तर काय, हे मात्र तक्त्यात नसतं.

भाव ऐकून गाडी लॅमिनेटवर येते. लाकडाचा भुगा दाबून केलेली पाटी, वर लाकडाचा छापील फोटो. गाठीसुद्धा छापील; चार फळ्या ओलांडल्या की तीच गाठ पुन्हा भेटते.

खऱ्या लाकडालाही जुलै सोडत नाही. दमट हवेत फळ्या फुगतात, म्हणून भिंतीलगत फट ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकावी लागते. कामाच्या मावशींना सूचना मिळते : फडकं अगदी घट्ट पिळून घ्या. मावशी आधी बादलीकडे बघतात, मग मालकिणीकडे.

"ताई, मग पुसायचं कशाला?"