लढतीआधीचे भाऊ

२०१५च्या एप्रिलात, मेवेदर-पॅकियाओ मुष्टियुद्धाच्या तोंडावर, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या भाऊंना ‘काय, बरं आहे ना?’ एवढंही विचारायची सोय नव्हती. ‘बरं काय असणार? मेवेदर सत्तेचाळीस लढती लढलाय आणि सत्तेचाळीसही जिंकलाय. पॅकियाओचं कसं व्हायचं?’ असा जबाब मिळायचा. मग किराणा दुकानाच्या पार्किंगमध्येच मेथीची जुडी माझ्या हातात देऊन भाऊ पवित्रा घ्यायचे. डावा खांदा हनुवटीपाशी, डावा हात पोटावर आडवा, उजवा गालाशी. ‘हा मेवेदरचा बचाव. ठोसा या खांद्यावरून घरंगळतो. बघ, मार एक.’ मी मेथी सांभाळत उभा.

भाऊ मूळचे कोल्हापूरचे. ते कधी तालमीत गेल्याचा पुरावा नाही, पण बोलणं सगळं खासबागेच्या मैदानातलं. ही लढत ठरायला पाच वर्षं का लागली, ते मात्र भाऊ मोडलेल्या सोयरिकीसारखं सांगत. ‘२००९च्या अखेरीस बोलणी सुरू झाली. एका पक्षानं रक्ततपासणी मागितली, दुसरा पक्ष बिथरला. फिसकटलं. पुढं २०१२ला मार्केझनं पॅकियाओला सहाव्या फेरीत तोंडावर पाडलं, तेव्हा वाटलं, स्थळ गेलंच हातचं!’ इथे भाऊंचा आवाज खरोखर कातर व्हायचा. वहिनी आतून म्हणायच्या, ‘पोरीच्या लग्नाच्या वेळी एवढा जीव टांगणीला नव्हता यांचा.’

केबलवर लढत बघायचा दर शंभर डॉलरला पाच सेंट कमी. भाऊंनी वर्गणी काढली. गणपतीचं पावतीपुस्तक शिल्लक होतंच. ‘श्री’च्या चित्राखाली ‘मुष्टियुद्ध, १० डॉलर’ असं लिहिलेली पावती माझ्याकडे अजून आहे. १९८८ला टायसननं स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं होतं, तसं झालं तर पैशांचं काय, असं कुणीतरी विचारलं. ‘वर्गणी परत मिळत नाही,’ भाऊ म्हणाले.

२ मे, शनिवार. घर भरलं. मिसळ झाली, दुसऱ्यांदा झाली. लढत मागणाऱ्यांची केबलवाल्यांकडे एवढी झुंबड उडाली की मुख्य जोड लागायला आमच्याकडे मध्यरात्र झाली. पोरं गालिच्यावरच झोपली. बारा फेऱ्या मेवेदर हातात न सापडता फिरत राहिला आणि गुणांवर जिंकला. भाऊ एक अक्षर बोलले नाहीत. फक्त शेवटी म्हणाले, ‘निकाली नाही झाली.’ महिनाभर तळपलेला माणूस तासाभरात विझला. मला वाईट वाटलं. त्यांच्या लेखी लढत म्हणजे लढतीआधीचे दिवस, आणि ते संपले होते.

सकाळी सातला फोन. पॅकियाओ उजवा खांदा दुखावलेला असताना रिंगणात उतरला होता, अशी बातमी आली होती. भाऊंचा आवाज पुन्हा खणखणीत.

‘ऐकलंस? खांदा! त्या दिवशी पार्किंगमध्ये तुला खांदाच दाखवत होतो की नाही?’

दाखवला होता. मेवेदरचा. तोही डावा.