चॅम्पियनचा दम

वरळीच्या बीडीडी चाळींत १२१ इमारती होत्या, आणि प्रत्येक इमारतीत निदान एक चॅम्पियन. ही दुसरी गणना म्हाडाच्या दप्तरात सापडायची नाही. पुनर्विकासाच्या पात्रता यादीत ती धरली असती तर अर्ध्या चाळीला जादा खोली द्यावी लागली असती. कुणी कॅरमचा चॅम्पियन, कुणी नवरात्रातल्या नाटकाचा, कुणी दहीहंडीच्या वरच्या थराचा. त्या थरावर एकदा चढलेलं पोरगं आज पंचाण्णव किलोंचं आहे, तरी दर गोकुळाष्टमीला खाली उभं राहून ‘ए, जरा डावीकडे सरक’ असं वरच्याला सांगायचा हक्क त्याचाच.

आमच्या इमारतीतला चॅम्पियन कबड्डीचा. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. लग्नपत्रिकेतसुद्धा नावापुढे कंसात ‘चॅम्पियन’ छापलं होतं. वहिनी अजून म्हणतात की त्यांच्या बाबांनी कंसातलंच वाचलं, बाहेरचं वाचायचं राहून गेलं.

भांडवल म्हणाल तर एकच: ऐंशीच्या दशकात एका स्थानिक चषकाच्या कुमार गटाच्या अंतिम सामन्यातली शेवटची चढाई. आपले दोनच गडी शिल्लक, समोर अख्खा संघ, हा मध्यरेषा ओलांडून आत गेला आणि समोरचे गडी मारून परत आला. किती गडी मारले, हा प्रश्न जरा नाजूक आहे. माझ्या लहानपणी तीन होते. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले तेव्हा चार झाले. टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाल्यावर पाच. गेल्या गणपतीत तर पंचालाही ओझरता हात लागला होता, अशी नवीनच माहिती हाती आली. महागाईशी इतका प्रामाणिक राहिलेला पराक्रम मी दुसरा पाहिला नाही.

त्या चढाईवर त्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. नोकरी लागली आणि गुडघा दुखायला लागला. हा गुडघा फार समजूतदार होता. सरावाचा विषय निघाला की ठणकायचा आणि विसर्जनाच्या लेझीमला स्वतःहून बरा व्हायचा. पोरं म्हणायची, ‘दादा, या ना मैदानात, दोन गोष्टी शिकवा.’ चॅम्पियन गॅलरीच्या कठड्याला टेकून हसायचा. ‘वरळीच्या पोराला कबड्डी शिकवायची म्हणजे कोळ्याला पापलेट ओळखायला शिकवणं. रक्तात असतं ते.’ ज्यांच्या रक्तात होतं ती पोरं पुढच्या जिल्हा निवड चाचणीत पहिल्याच दिवशी बाद होऊन आली. तेव्हा चॅम्पियनने निवड समितीचं रक्त काढलं.

आता सगळा दोष एकट्या चॅम्पियनवर टाकणं काही बरोबर नाही. तो ज्या इमारतीत वाढला, तिचा पायाच मुळी फाजील आत्मविश्वासावर घातलेला. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि कामगारांसाठी तळमजला अधिक तीन अशा चाळी उठवल्या. साहेबाची खात्री होती की कामगार रांगा लावून येतील. वरळीला तेव्हा कुणी फिरकेना. गिरण्या लांब, भाडं जड. खोल्याच्या खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून राहिल्या. शेवटी सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने इथे सत्याग्रही कोंडले, म्हणजे पहिले खरे भाडेकरू पकडूनच आणावे लागले. ह्याच खात्याने बॅकबेचा समुद्र हटवायला घेतला होता. त्यातला गैरकारभार वकील नरिमननी चव्हाट्यावर आणला आणि त्या प्रकल्पाला ‘लॉइडची घोडचूक’ हे नाव कायमचं चिकटलं. तर असल्या खात्याच्या भिंतीला पाठ लावून झोपणाऱ्या माणसाकडून नम्रतेची अपेक्षा तरी किती करायची?

शिवाय आम्ही होतोच की खतपाणी घालायला. चाळीची रचनाच अशी होती की एकदा झालेला पराक्रम शिळा व्हायचाच नाही. १६० चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर वीस दारं, दारं उघडी, मधून लांबच लांब कॉरिडॉर आणि टोकाला सार्वजनिक संडास. चॅम्पियनची बैठक त्या टोकालाच. सकाळच्या रांगेत उभा असलेला माणूस हा जगातला सर्वोत्तम श्रोता. त्याला जाता येत नाही, बसता येत नाही आणि वाद घालायची त्याची मनःस्थिती नसते. तो नुसता ‘हो हो’ म्हणतो, आणि जितकी घाई जास्त तितका होकार जोरात. असे होकार चॅम्पियनने तीस-पस्तीस वर्षं गोळा केले. कुणाकडे पाहुणा आला की आम्हीच त्याला हाक मारून बोलवायचो, ‘हा आमचा चॅम्पियन,’ आणि कपभर चहावर चढाई ऐकायचो. खोटं वाढतंय हे दिसत होतं. पण कॉरिडॉरमध्ये काही तरी वाढतंय ह्याचाच आम्हाला आनंद होता. पगार तर वाढत नव्हते.

मग २०१४ साल उजाडलं. २६ जुलैला प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना इथेच, वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये झाला. यू मुंबाने जयपूरला ४५-३१ असं लोळवलं. आमची पोरं गळा बसेपर्यंत ओरडली. चॅम्पियन मात्र टीव्हीसमोर हाताची घडी घालून. ‘ही कबड्डी? मातीच्या जागी मॅट, पायात बूट, आणि चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ? आमच्या वेळी दम हेच घड्याळ.’ बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. मातीत घोटा आणि गुडघा सोलवटून खेळलेल्या माणसाला तो निळा-पिवळा झगमगाट खुपणारच. पण पुढे त्याने विचारलं, ‘आणि मुंबईचा कर्णधार हरयाणाचा कसा?’ कर्णधार होता अनुप कुमार. ह्या प्रश्नाचं उत्तर कॉरिडॉरमधल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकानेही दिलं नाही. ३१ ऑगस्टला त्याच मैदानावर अंतिम सामन्यात जयपूरने यू मुंबाला ३५-२४ असं हरवलं, तेव्हा चॅम्पियन त्या रात्री निवांत झोपला.

आत्मसंतुष्ट माणूस किती चिवट असतो, हे मला खरं कळलं ते २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आली तेव्हापासून पुरुषांची सातच्या सात सुवर्णपदकं भारताची. गटातच दक्षिण कोरियाने आपल्याला एका गुणाने हरवलं. चॅम्पियन म्हणाला, ‘मुद्दाम सोडली मॅच. समोरच्याला गाफील ठेवायचं असतं.’ मग उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असं धुतलं. इराणचे कितीतरी गडी आपल्याच लीगमध्ये खेळून तयार झालेले; त्यांचा फझल अत्राचली तर यू मुंबाकडूनच खेळून गेलेला. आपण त्यांना पगार देऊन आपलेच पाय धरायला शिकवलं होतं. कॉरिडॉर सुन्न. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना, तोही इराणने २७-२४ असा जिंकला. आता हा माणूस कुठे तोंड लपवतो ते बघू, म्हणून आम्ही सगळे वळलो. तेवढ्यात कुणी तरी सांगितलं की इराणच्या मुलींच्या प्रशिक्षक शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. चॅम्पियनचा चेहरा उजळला. ‘म्हणजे शेवटी जिंकलं कोण? महाराष्ट्रच ना!’

त्यानंतर मी आशा सोडली. पुढे २०२३ ला हांगझोऊमध्ये दोन्ही सुवर्णपदकं परत आली. आपण वेळीच कान उपटल्याचा हा परिणाम, असं त्याने रांगेतल्या सर्वांना समजावलं.

जे इराणला जमलं नाही ते म्हाडाने करून दाखवलं. चाळींच्या पुनर्विकासाचं २०१७ ला भूमिपूजन झालं, २०२१ ला पुन्हा नारळ फुटला, आणि १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजली टॉवर, ५०० चौरस फुटांचं घर. वहिनींनी सगळ्या खिडक्या उघडून बघितल्या आणि मग संडासाच्या दाराला हात लावून नमस्कार केला. पण संडास घरात आला आणि श्रोता घराबाहेर गेला. दारं बंद. प्रत्येक दाराला डोळा. आतून बघतात आणि चॅम्पियन दिसला की अंघोळीला जातात.

राहिली लिफ्ट. चॅम्पियनने चढाई लिफ्टच्या मापाची करायचा प्रयत्न केला. सुरुवातीची पार्श्वभूमी काढून टाकली, प्रेक्षक गाळले, पंच गेला. तरी तो निदानरेषेशी पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचा मजला यायचा. शेवट कुणालाच कळेना. मग त्याने वॉचमन गाठला. वॉचमन बिहारचा. त्याने शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं आणि मग आपल्या गावची चढाई सांगितली. ती जास्त लांब होती आणि तिच्यात एक म्हैसही होती.

शेवटी एका संध्याकाळी ऐकणारं कुणी मिळावं म्हणून तो मैदानावर गेला. पोरापोरींचा सराव चालू होता, जुन्याच चाळीतली पोरं, मॅटवर. तो कडेला उभा राहून सूचना देऊ लागला. डाव्या कोपऱ्यात खेळणारी एक नववीतली मुलगी घाम पुसत म्हणाली, ‘काका, तिकडून कळत नाही. आत या ना.’ बोलण्यात काही खोच नव्हती, तेच वाईट झालं. चॅम्पियनने चपला काढल्या, रेषेला हात लावून कपाळाला लावला आणि कबड्डी-कबड्डी करत आत शिरला. मीही होतो तिथे. तिसऱ्या पावलालाच दम फुटू लागला. बोनसरेषेकडे पाय टाकला, आणि पोरीने खाली बसून असा चवडा काढला की आमचा ऐतिहासिक पुरुष पालथा. तिनेच हात देऊन उठवलं. ‘लागलं नाही ना काका? पडायचं कसं ते आधी शिकायचं असतं.’

त्या रात्री त्याने कारणं शोधली. मॅट घसरते, गुडघा दुखत होता, चपला काढायला नको होत्या. चौथं कारण त्याने वहिनींना सांगितलं, ‘मुलगी होती म्हणून मी सोडून दिलं.’ वहिनी भाजी निवडत म्हणाल्या, ‘सोडून दिलंत, तर मग पडलात कशाला?’

जुनी चाळ असती तर ह्या पडण्याचं काही बिघडलं नसतं, असं मला पक्कं वाटतं. सकाळच्या रांगेपर्यंत त्या पोरीचे तीन धटिंगण झाले असते, दिवाळीपर्यंत चॅम्पियन त्यांना फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन आला असता, आणि आम्ही ‘हो हो’ म्हणून मोकळे झालो असतो. टॉवरमध्ये पराभवाची गोष्ट करून द्यायला कुणी शेजारी नव्हता. म्हणून पराभव पराभवच राहिला. घरात, बंद दाराआड, ५०० चौरस फुटांत चॅम्पियन एकटाच त्याच्याबरोबर दोन दिवस बसून होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो मैदानावर हजर. सूचना द्यायला नाही. प्रशिक्षकाने आधी मॅटचे चौकोन जोडायला लावले, मग हातात स्टॉपवॉच दिलं. ज्या ३० सेकंदांना दहा वर्षं शिव्या घातल्या, तेच आता ओरडून मोजायचे. आठवड्याने त्याला पडायला शिकवलं. ते पाहायला म्हणून गेलो होतो; हसायला आलेला मी अर्ध्या तासाने त्याची पाण्याची बाटली धरून उभा होतो. ती मुलगी त्याला रोज पाडायची आणि रोज पाय कुठे चुकला ते सांगायची. कधी कधी तो भांडायचा. ‘आमच्या वेळी असा पाय...’ एवढं म्हणायचा आणि मधेच थांबून पाय मागे घ्यायचा.

दमाचा सराव मात्र त्याने लिफ्टमध्ये काढला. तळमजल्यावर दार बंद झालं की एका श्वासात कबड्डी-कबड्डी सुरू. पहिल्या आठवड्यात सातव्याला फुटला. मग बारावा, मग सतरावा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारणा झाली, ‘लिफ्टमध्ये जप कोण करतं? लहान मुलं घाबरतात.’ एका आजींनी मात्र कळवलं की जप चालू असला की प्रवास चांगला होतो. हल्ली त्या मुद्दाम त्याच्याबरोबर वर जातात आणि कितव्या मजल्याला दम सुटला ते वहिनींना फोन करून कळवतात.

परवा मला म्हणाला, ‘चल, धोबी तलावला. बूट घ्यायचेत.’ जन्मभर अनवाणी खेळलेला माणूस. खेळाच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने आमच्याकडे बघून विचारलं, ‘नातवासाठी का?’ चॅम्पियनने स्वतःचा पाय पुढे केला. दुकानदाराने नीट वर-खाली पाहिलं. ‘कबड्डीचे? मॅटवरचे? काका, खेळता कुठल्या लेव्हलला?’

मला धडकी भरली. आता ऐंशीच्या दशकातली ती चढाई ह्या दुकानात, बॅडमिंटनच्या जाळ्यांखाली, संपूर्ण होणार, पंचासकट. चॅम्पियनने छातीभर श्वास घेतला.

‘शिकतोय,’ तो म्हणाला. आणि लगेच, ‘शिकणाऱ्याला काही डिस्काउंट आहे का?’