धूर एक, हिशेब अनेक

औष्णिक वीजकेंद्राच्या धुराचा हिशेब कागदावर अगदी सोपा. कोळसा किती टन लागला, त्यात कार्बन किती, त्यातला प्रत्यक्ष जळाला किती, एवढं कळलं की झालं. जळालेल्या दर टन कार्बनमागे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. हा गुणाकार शाळकरी पोरही करील. अडचण एवढीच, की ते तिन्ही आकडे नक्की कुणालाच ठाऊक नसतात.

चीनने याचं भव्य प्रात्यक्षिक दाखवलं. सगळ्या प्रांतांची बेरीज केली, तर २०१० सालचं उत्सर्जन राष्ट्रीय आकडेवारीपेक्षा तब्बल १४० कोटी टनांनी जास्त भरतं, असं २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे बेरजेत जवळपास अख्खा जपान सापडला! (प्रांताधिकाऱ्यांच्या बढत्या वाढीच्या आकड्यांवर ठरत, हा अर्थातच योगायोग.)

ऑगस्ट २०१५ मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधाने उलटा दिलासा दिला. खाणींतले ६०२ नमुने तपासले, तर चिनी कोळशाचं उत्सर्जनप्रमाण आयपीसीसी या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या ठोकळ आकड्यापेक्षा सरासरी ४० टक्के कमी निघालं. निकृष्ट मालाचं एवढं कौतुक क्वचितच झालं असेल.

ते तीनच महिने टिकलं. नोव्हेंबरात सुधारित सरकारी आकडेवारी गाजली: एकट्या २०१२ मध्ये जळालेला कोळसा आधीच्या नोंदीपेक्षा सुमारे ६० कोटी टन जास्त होता.

अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी तर थेट धुरांड्यातच मोजयंत्रं बसवली आहेत. तिथला आकडा आणि त्याच केंद्राच्या कोळशाच्या नोंदींवरून काढलेला आकडा, हे दोघे अनेकदा एकमेकांना ओळखतही नाहीत.