भिंतीवरून दिसतं तेवढं

ग्वाल्हेरच्या जीवाजीगंजातल्या आमच्या घराची परसातली भिंत कमरेइतकीच आहे. ती आपल्याला कोपर टेकायलाच बांधली, असा पलीकडच्या काकूंचा ठाम समज.

"ऐकलंस का? कोपऱ्यावरच्या सिस्टरनं आजींना आपल्याच घरी आणलं. सामानसुमानासकट. आणि त्यांचा तो मुलगाही!"

मुलगा पंचेचाळिशीचा. समज पाच वर्षांच्या पोराची. पण गल्लीतल्या कुत्र्यांची नावं त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नाहीत. आजी ऐंशीच्या पुढच्या, गेल्या पावसाळ्यात पडल्यापासून कॉटवरच. मुलगी बंगळूरला.

"ती मुलगीच महिन्याचे पैसे पाठवणार आहे," मी म्हटलं.

"पैसे घेऊन सांभाळायचं? ना नात्याची ना गोत्याची. घरावर डोळा असणार, दुसरं काय!"

आमचे हे हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करतात, त्यामुळे मला अर्धवट कायदा येतो आणि तो मी पूर्ण आत्मविश्वासानं सांगते. "अहो काकू, घर द्यायचंच झालं तर 'मला शेवटपर्यंत सांभाळायचं' अशी अट कागदात घालायची. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यात २३ वं कलम आहे ना. घेणाऱ्यानं सांभाळलं नाही तर एसडीएमकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करता येतं. छतरपूरच्या एका आईचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या बाजूनं निकाल लागला."

"कोणाला दिलं होतं घर?"

"मुलाला."

"बघ! म्हणजे पोटचा असूनही..." काकू तिथंच थांबल्या. नात्यागोत्याचा मुद्दा त्यांच्याच तोंडून निसटला होता. मग मिरच्यांची देठं जरा जोरात खुडायला लागल्या.

मी त्यांना बेल्जियममधल्या गील गावाची गोष्ट सांगितली. संत डिम्फनाच्या चर्चमध्ये बरं व्हायला वेडसर माणसं यायची. जागा पुरेना, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं. मध्ययुगात सुरू झालेली ही रीत आजही चालू आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तर असे साडेतीन हजारांवर लोक त्या गावातल्या घरांमधून राहत होते.

"पंढरपूरला वारकरी उतरतात तसं?"

"तसंच. फक्त एकादशी झाली की परत जात नाहीत."

"आणि खर्च?"

"यजमानाला सरकार पैसे देतं. आपल्याकडे अठराच्या आतल्या अनाथ पोराला दुसऱ्या कुटुंबात ठेवायची कायद्यात सोय आहे. आजींसारख्यांसाठी नाही. मुलांनी पोसावं, नाहीतर जिल्ह्यात दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा, एवढंच लिहिलंय. पोटगीसुद्धा महिना दहा हजारांच्या वर नाही."

"दहा हजारांत रात्रीची बाई तरी मिळते का? आणि आजींच्या माघारी त्या मुलाचं काय?"

इथं मात्र कायदा बरा आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढासाठी कलेक्टरच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो. अर्ज आईनं करायचा, आणि नाव नात्याबाहेरच्या माणसाचंही सुचवता येतं.

"म्हणजे सिस्टरचं?"

"सिस्टरचंही. पण आजी हिंडत्याफिरत्या असताना झालं असतं तर सोपं गेलं असतं."

काकूंनी आवाज खाली आणला. "समज, तिनं उपाशी ठेवलं. कोण बघणार?"

खरा प्रश्न हाच, आणि तो काकूंनी विचारला याचं मला नवल वाटलं नाही. अमेरिकेत ओरेगॉनला असं घर चालवायला परवाना लागतो, पाचापेक्षा जास्त माणसं ठेवता येत नाहीत, दर वर्षी परवान्यासाठी तपासणी होते. आपल्याकडे कोणी फिरकत नाही. आपल्याच गावची मानसिक आरोग्यशाळा घ्या. १९३५ सालची. आग्रा आणि रांचीबरोबर तिच्यावरही मानवाधिकार आयोगानं देखरेख ठेवावी, असं १९९७ साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. भिंत उंच असली की आत डोकवायला दिल्लीहून माणसं यावी लागतात. सिस्टरच्या घराला तूर्तास आमच्या काकू आहेत. गल्लीतल्या चहाड्यांना मीही नाकं मुरडते, पण दुसरी देखरेख आहे कुठं?

तीही अपुरीच. भिंतीवरून लुगडी वाळत घातलेली दिसतात, दिवा किती वाजता मालवला ते कळतं. पडून पडून पाठीला झालेली जखम दिसत नाही. गप्प पडून राहावं म्हणून झोपेची गोळी जास्त दिली तर तीही दिसत नाही. सिस्टर तशी नाही, जयारोग्य रुग्णालयातल्या नोकरीत तिनं कित्येकांची पाठ पुसली आहे. पण चांगल्या माणसालाही रात्री तीनदा उठावं लागलं की तोल जातो. तिला आठवड्यातून एक दिवस कोणीतरी मोकळं करायला हवं. हे कोणत्याच कलमात नाही.

"मी जाऊन येते," काकूंनी मिरच्या पदरात घेतल्या. "बहादुराच्या दुकानातले लाडू नेते."

"आजींना साखर आहे, काकू."

"मग मुलाला देईन. आणि आजींना कुशीवर वळवून पाठ बघून येते. सिस्टरला म्हणेन, तू दोन तास बाजारात जाऊन ये."

"आणि पाठीवर काही दिसलं तर?"

"तर अख्ख्या जीवाजीगंजाला कळेल," काकू म्हणाल्या, "तुझ्या एसडीएमच्या आधी."